शेरा

महाप्याला, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या माडीवर
दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा
आणि चपलांच्या खोक्यांत उभी लावलेली कार्डं.
डॉक्टर मढवींनी मुलाखतीत एकच विचारलं,
"आठ आणि तीन वाचताना गल्लत होते का तुझी?"
मी म्हटलं, नाही.
"होईल. झाली की सांगायचं. लपवायचं नाही."
साल एक्याण्णव. पगार नऊशे.

मला रसायन येत नव्हतं, टायपिंग येत होतं.
द्रावक, तापमान, किती तास, किती टक्के उतारा,
आणि शेवटचा रकाना: शेरा.
तो का ठेवलाय, हे वर्षभर कळलं नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर एखादी कंपनी बंद पडली
की बाई दुसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे हजर.
प्रयोगशाळेच्या वह्या, किलोला अडीच रुपये.
पानांना टोल्युइनचा वास, कडा ॲसिडने खाल्लेल्या.
"जमलेलं सगळे छापतात," त्या म्हणायच्या,
"फसलेलं कोण लिहून ठेवतो?
मग तेच पुन्हा दुसरा कुणी फसवून बघतो, महिनाभर."
म्हणून आमच्याकडे फसलेलंच जास्त.
काळा डांबरासारखा गोळा, उतारा शून्य.
स्फटिक आलेच नाहीत.
रंग पिवळा आला, का ते कळलं नाही.

पहिलं कार्ड मात्र मिठाचं.
वितळणबिंदू आठशे एक.
शेरा: घणसोली, बाबांचं आगर, भराव टाकण्याआधी.
बाबा म्हणे त्यांना म्हणाले होते,
"मीठ काय बुक वाचून पिकतं का गो?"
त्या हे सांगताना हसायच्या,
आणि मग बराच वेळ चष्मा पुसायच्या.

कार्डांची फ्लॉपी झाली, फ्लॉपीची सीडी.
पुण्याचे, हैदराबादचे लोक फोन करू लागले,
अमुक करून बघू का, कुणाचं फसलंय का आधी?
पंखा गेला, एसी आला. आम्ही अकरा जण झालो.
एका डिसेंबरात पगाराला पैसे नव्हते,
त्यांनी पाटल्या मोडल्या, आणि सांगितलं, "हिशेब जुळला."

मग मोठी कंपनी आली विकत घ्यायला.
सगळं हवं होतं त्यांना, शेरा सोडून.
त्यात नावं होती ना. रात्रपाळ्या होत्या.
कुणी कुठला व्हॉल्व्ह बंद केला नव्हता, तेही होतं.
वकील म्हणाला, हा रकाना म्हणजे खटले.
बाई तीन दिवस ऑफिसात आल्या नाहीत.
चौथ्या दिवशी सही केली.
मला म्हणाल्या, "पूस."
त्यांच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. अकरा घरं होती.

मी पुसत गेले, दीड आठवडा, ओळीमागून ओळ.

काल ऐरोलीला गेले होते त्यांच्याकडे.
गुडघे गेलेत. पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.
चहा झाल्यावर म्हटलं,
"बाई, एक गल्लत झाली होती माझी. सांगायची राहिली."
त्यांनी मान वर केली नाही.
"एक्केचाळीस हजार तीनशे अडतीस.
मी तीनशे अठ्ठ्याऐंशी समजले.
तिथला शेरा राहिला. अजून आहे. कुणी बघितलेला नाही."

शेंग हातातच राहिली.
"अडतीस," त्या म्हणाल्या. "थंड पाणी आलं नव्हतं त्या रात्री."
"हो."
"श्रीपत तांडेल. सव्वीस वर्षांचा. दिवाळ्याचा."
"हो."

मग त्यांनी दाणे माझ्या बाजूला सरकवले,
आणि खूप वेळाने, अगदी पहिल्या दिवसाच्या आवाजात विचारलं,
"गल्लतच होती ना?"

मी एक शेंग उचलली.
ती किडकी निघाली. बाजूला ठेवली, फेकली नाही.